बनी तो बनी, नहीं तो परभणी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम माझें मन कचरलें. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा तर तो या पुस्तिकेंत माझ्याहून अधिकारी मंडळींनीं लिहिलाच आहे. आणि अध्यात्माचा उपदेश करणें हें व्यासपीठावर बसलेल्या गुरुजनांचें काम आहे. मग मजसारख्या प्रापंचिकानें बोलावें तरी कशाविषयीं? विचार करतां असें वाटलें कीं, ज्या भूमीवर हें देवमंदिर उभें आहे त्या भूमीविषयीं, तिच्यावर राहणाऱ्या माणसांविषयीं, त्यांच्या चुलीविषयीं आणि त्यांच्या कर्जाविषयीं बोलावें. मंदिराच्या पायऱ्या चढणारा मनुष्य आपली विवंचना वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवीत नाहीं. ती त्याच्याबरोबर वेदीपर्यंत येते.

निजामी अमदानींतील एक म्हण आपल्याकडील वृद्धांच्या तोंडीं अद्यापि ऐकूं येते : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ इतरत्र जम बसला तर उत्तमच. न बसला तर परभणी आहेच, तेथें कोणी उपाशी मरत नाहीं, असा तिचा अर्थ ते सांगतात. म्हणजे एके काळीं हा मुलूख आश्रयाचा मुलूख गणला जात होता. दुसरीकडे हरलेला मनुष्य येथें येऊन भाकर मिळवीत असे. आज त्याच मुलखांतला धडधाकट मनुष्य दिवाळी झाली कीं घराला कुलूप लावतो आणि भाकरीसाठीं परमुलखीं जातो. ही म्हण उलटी कां फिरली, आणि ती पुन्हां सुलटी करण्यास आपल्या हातून काय होण्यासारखें आहे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. उत्तरेस जिंतूरचे डोंगर, दक्षिणेस गंगाखेड व पालमकडे बालाघाटाच्या रांगा, आणि मधून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत जाणारी गोदामाई. शिवाय पूर्णा व दुधना या दोन नद्या. नदीकांठची जमीन काळीभोर आणि खोल. पावसांत फुगणारी व उन्हाळ्यांत पाय अडकावा इतकी भेगाळणारी ही माती ओल पोटांत धरून ठेवते, आणि म्हणूनच पाऊस गेल्यावरही नुसत्या ओलीवर रबीची ज्वारी येथें डोलते. पण डोंगराकडे सरकावें तसतशी ती माती पातळ होते व मुरमाड माळ लागतो. एकाच जिल्ह्यांत हे दोन मुलूख नांदतात. आणि आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबें या दुसऱ्या, माळाच्या मुलखांतलीं आहेत, हें विसरतां कामा नये. गोदातीरावरील गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मस्थान. दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईचें दुःख देवाच्या दारीं पोंचतें, ही शिकवण या भूमीला नवी नाहीं.

आतां वस्तीकडे वळूं. १८९१ सालच्या खानेसुमारींत या जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांवर होती. दहा वर्षांनीं, १९०१ सालीं, ती साडेसहा लाखांच्या आंत आली. वाढावयाची ती वस्ती पंचमांशानें घटली. मध्यंतरीं १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. त्या काळच्या परभणी जिल्ह्यांत आजचा हिंगोली जिल्हाही मोडत होता. तो १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. उरलेल्या परभणी, गंगाखेड, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा, जिंतूर व सेलू या नऊ तालुक्यांत २०११ च्या जनगणनेनें १८,३६,०८६ माणसें मोजलीं. दोन्ही जिल्हे मिळून ती संख्या तीस लाखांवर जाते. म्हणजे ज्या भूमीनें १९०१ सालीं साडेसहा लाखांना कसेंबसें जगविलें, तीच भूमि एकशें दहा वर्षांनीं साडेचारपटींहून अधिक माणसांस पोसूं लागली. माणसें वाढलीं, जमीन वाढली नाहीं. आजोबांचें शेत बापाच्या पिढींत वांटलें गेलें व नातवाच्या पिढींत त्याचे पट्टे झाले.

त्याच २०११ च्या गणनेप्रमाणें शंभरांतील सुमारें ३१ माणसें शहरांत राहत होतीं व बाकीचीं खेड्यांत. दर हजार पुरुषांमागें स्त्रिया ९४७ होत्या. साक्षरतेंत स्त्रिया पुरुषांच्या बऱ्याच मागें राहिल्या होत्या. आणि जेथें मुलगी शाळेंतून लवकर निघते, तेथें ती लवकर सासरीं जाते, हें मीं सांगावयास नको. या अठरा लाखांत आपण ख्रिस्ती लोक मूठभर, पिठांतील मिठाइतके. पण मिठाचा मान त्याच्या वजनावर ठरत नसतो.

जमिनीची मालकी हा पुढचा प्रश्न. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १९४९ सालीं जहागिऱ्या गेल्या. १९५० सालीं कुळांस संरक्षण देणारा कायदा झाला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. कायद्यानें कुळाच्या पदरीं कांहीं पडलें. पण ज्याचें नांव कूळ म्हणूनही कोठें लिहिलेलें नव्हतें, तो सालगडी, तो गांवकुसाबाहेरचा मजूर, त्याच्या वांट्यास काय आलें? आपल्यापैकीं पुष्कळांचे आजेपणजे याच वर्गांतले. त्यांतच १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींची गणना हिंदु समाजापुरती ठरली. पुढें १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध बांधवांस तिच्यांत स्थान मिळालें, आपल्या दलित ख्रिस्ती बांधवांस मिळालें नाहीं. बाप्तिस्म्यानें माणसाला नवा जन्म मिळतो ही आपली श्रद्धा आहे. पण गांवाच्या डोळ्यांत तो मनुष्य जुन्याच वस्तींत राहिला आणि सरकारी कागदावर मात्र त्या वस्तीच्या बाहेर गेला. दोन्हीकडून त्याचें नुकसान झालें.

१९७२ चा दुष्काळ येथें बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल : खडी फोडण्याचीं कामें, हातावर पडलेली सुकडी, परदेशांतून आलेली तांबडी मिलो. त्या संकटांतून महाराष्ट्रांत रोजगार हमीची योजना वाढीस लागली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, हा विचार या दुष्काळी मुलखांतील मजुरांच्या घामांतून कायद्यांत उतरला. त्याच सालीं, १८ मे १९७२ रोजीं, परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. पूर्णा नदीवर येलदरीचें धरण झालें, आणि १९७६ सालीं पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन झाल्यावर त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी दोनशें कि. मी.च्या वाटेनें आपल्या जिल्ह्यांत येऊं लागलें. जेथें पाणी पोंचलें तेथें ऊस उभा राहिला. पण कालव्याच्या शेंपटाकडच्या गांवांना पाण्याची वाट पाहणेंच अधिक घडतें, आणि माळावरच्या गांवांना कालवा दुरूनच दिसतो.

आतां उपजीविकेची गोष्ट. पूर्वीं येथील शेतकरी पुष्कळसें घरापुरतें पिकवी आणि थोडें बाजारापुरतें. ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई, जवस, आणि विकण्यासाठीं कापूस. मानवत, सेलू व परभणी येथील जिनिंगचे कारखाने त्या कापसावरच उभे राहिले. ज्वारीचें दाणे माणसाला, कडबा बैलाला, शेण शेताला, असा तो फेरा होता. गेल्या तीसएक वर्षांत सोयाबीन आलें. तें लवकर हातीं येतें, त्याला रोख पैसा मिळतो, म्हणून तें पसरलें, आणि त्यांत शेतकऱ्याची चूक मी म्हणणार नाहीं. पण सोयाबीनचा कडबा होत नाहीं, आणि त्याची भाकरीही होत नाहीं. कडबा गेला तशी दावणीचीं जनावरें गेलीं. जनावरें गेलीं तसें घरचें दूध गेलें व शेणखत गेलें. आणि मग खत, बियाणें, औषध, नांगरट, सर्वच विकत घ्यावें लागूं लागलें. पूर्वीं वाईट सालीं शेतकऱ्याची उपासमार होई. आतां वाईट सालीं त्यांत कर्जाचीही भर पडते. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें कापूस खाल्ला. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, पण मोंढ्यांतील भाव त्याच्या खालींच रेंगाळले. सप्टेंबर २०२४ च्या आरंभीं अतिवृष्टि झाली व काढणीला आलेल्या शेतांत पाणी उभें राहिलें. पुढच्याच वर्षीं सप्टेंबरांत पुन्हां पूर. ज्या मुलखाला थेंबाथेंबासाठीं डोळे लावण्याची संवय, त्याला आतां पाण्याचीही धास्ती वाटूं लागली आहे.

ज्वारीविषयीं आणखी एक शब्द. तिचें मूळ घर आफ्रिका खंड. सुदानच्या माळावरचा शेतकरी आणि आपला जिंतूरचा शेतकरी हे एकाच भाकरीचे भागीदार आहेत, आणि पाऊस, पातळ माती व सावकार यांच्याशीं दोघांचा झगडाही एकच आहे. २०१८ सालीं आपल्या कृषि विद्यापीठानें व हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनें मिळून ‘परभणी शक्ती’ नांवाचें, लोह व जस्त अधिक असलेलें ज्वारीचें वाण दिलें. ज्या जिल्ह्याच्या नांवाचें हें शक्तिदायक धान्य आहे, त्याच जिल्ह्यांतील अशक्त गर्भार बाई मला अनेक घरीं भेटते. विद्येचें फळ विद्यापीठाच्या कुंपणापासून माळावरच्या परातीपर्यंत पोंचावयास अजून कांहीं वाट चालावयाची आहे.

आतां मी मूळ दुःखाकडे येतों. ज्याची शेती अडीच-तीन एकर मुरमाड, किंवा ज्याची मुळींच नाहीं, त्यानें सोयाबीनची काढणी संपल्यावर पुढचे सहा महिने काय करावें? शिकलेला पोरगा परभणी किंवा पूर्णा स्टेशनावरून नंदिग्राम अथवा देवगिरी गाडीनें मुंबईची वाट धरतो. न शिकलेला मनुष्य मुकादमाकडे जातो. मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एका कोयत्याची उचल आतां लाखाच्या घरांत गेली आहे. त्या पैशांत बहिणीचें लग्न होतें, म्हाताऱ्याचें दवाखान्याचें बिल भागतें, मागच्या हंगामाची राहिलेली बाकी फिटते. मग ट्रक किंवा ट्रॅक्टर येतो. भांडींकुंडीं, कोंबड्या, तान्हीं मुलें, सारा संसार त्यांत चढतो, आणि टोळी सांगली, कोल्हापूर, सातारा, कधीं बेळगांवाकडे निघते. पहांटे काळोखांत उंसाच्या फडांत शिरावयाचें, कोयत्यानें ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत भरावयाच्या, आणि रात्रीं पालाच्या खोपींत पडावयाचें. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या मजुरींत ३४ टक्के वाढ मान्य झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मजुरी वाढली तरी ती उचलींतून आधींच खर्च झालेली असते. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड. आजारपणाची सुट्टी नाहीं, बाळंतपणाची नाहीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या होऊं लागल्या कीं, २०१९ सालीं राज्यशासनास चौकशीसमिति नेमावी लागली. या विषयाचा उच्चार पवित्र सभेंत करावा कीं नाहीं याचा मीं विचार केला. पण ज्या सभेंत आपल्या बहिणींचें दुःख बोलतां येत नाहीं, तिची पवित्रता अपुरीच म्हणावी लागेल.

आणि मुलें! जूनमध्यें शाळेंत नांव घातलेलें मूल नोव्हेंबरांत फडावर असतें. मोठी मुलगी खोपींत धाकट्याला सांभाळते, व तेराचौदाव्या वर्षीं स्वतः मोळ्या वाहूं लागते. २०२१ पासून शासनानें ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना काढली. आपल्यापैकीं कितीजणांनीं तिची चौकशी केली, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें.

आपल्या धर्मग्रामाच्या वर्षाचाही घाट यामुळें बदलला आहे. नाताळ हा आपला मोठा सण, पण नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आपलीं बांकें अर्धीं रिकामीं असतात. गोठ्यांत जन्मलेल्या बाळाची पूजा आपण येथें करतों, आणि आपलीं स्वतःचीं बाळें त्याच रात्रीं सांगलीकडे पाचटावर निजलेलीं असतात. बाप्तिस्म्याची नोंदवही चाळली तर दिसेल कीं, आपल्याकडे बाप्तिस्मे व विवाह एप्रिल-मे महिन्यांत दाटीनें होतात. कारण टोळ्या परततात तेव्हांच. एका माउलीनें मला सांगितलें कीं, तिचें लेंकरूं फडावर गेलें, आणि तिनें स्वतःच त्याच्या कपाळावर पाणी घालून त्याला नांव दिलें. त्या मुलाचें नांव कोणत्याही वहींत नाहीं. देवाच्या वहींत तें आहे यांत मला संशय नाहीं. पण आपल्या वहींत तें नाहीं, याचें उत्तर आपणांस द्यावें लागेल.

बंधुभगिनींनो, आज आपण ज्युबिली साजरी करीत आहों. ज्युबिली म्हणजे काय? जुन्या करारांत, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत, तिचा मूळ अर्थ सांगितला आहे. सात गुणिले सात वर्षें लोटल्यावर येणाऱ्या पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावयाचें, बंदांत पडलेल्यास मोकळें करावयाचें, आणि प्रत्येकानें आपल्या वतनावर व आपल्या कुळाकडे परत जावयाचें. पोप फ्रान्सिस यांनीं घोषित केलेलें २०२५ चें ज्युबिली वर्षही याच आशेचें होतें. श्रीमंत राष्ट्रांनीं गरीब राष्ट्रांचीं कर्जें सोडावीं, अशी विनंति त्यांनीं त्या घोषणापत्रांत केली होती. म्हणजे ज्युबिली हा नुसता पताका-तोरणांचा सोहळा नव्हे. तिच्या मुळाशीं दोन गोष्टी आहेत : कर्जांतून सुटका आणि घरीं परतणें. आणि या दोनच गोष्टी आमच्या जिल्ह्याच्या गरिबाला हव्या आहेत. त्यानें तिसरी कांहीं मागितलेली नाहीं.

मग आपण काय करूं शकतों? मूठभर माणसांनीं अठरा लाखांचा प्रश्न सोडवावा असें मी म्हणत नाहीं. पण मूठभरांनीं केलेल्या कामाचे दाखले आपल्याच समाजांत आहेत. वसईच्या कॅथॉलिक बांधवांनीं १९१८ सालीं सहकारी पतपेढी काढली. ती आज मोठी बँक झाली आहे. स्वित्झर्लंडहून आलेले जेजुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनीं नगर जिल्ह्यांत माळावरचें पाणी माळावरच अडविण्याचें काम आयुष्यभर केलें. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीसारखीं गांवें त्यामुळें पुन्हां वसतीं झालीं, बाहेर जाणारीं माणसें घरीं राहूं लागलीं.

ज्युबिलीसाठीं वर्गणी जमली आहे, आणि तींतून प्रवेशद्वाराशीं एक सुंदर कमान उभारावी असा विचार चालला आहे, हें मला ठाऊक आहे. मी कमानीच्या विरुद्ध नाहीं. देवाचें घर शोभिवंत असावें हें योग्यच. पण कमानीखालून जावयास माणसें गांवांत असलीं पाहिजेत. म्हणून आपणांपुढें हात जोडून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली ही कीं, कमान एक वर्ष थांबवून त्या पैशांतून एक छोटी उसनवारीची पेढी सुरू करावी. आजारपण, बाळंतपण व बियाणें या तीन कारणांसाठीं तिनें हलक्या व्याजानें पैसे द्यावे, म्हणजे निदान दहापांच घरांना तरी या वर्षीं उचल घ्यावी लागणार नाहीं. दुसरी ही कीं, टोळी निघण्यापूर्वीं कोण कोठें जात आहे याची एक वही ठेवावी, जीं मुलें मागें ठेवतां येतील त्यांची सोय वसतिगृहांत अथवा आपल्या घरीं करावी, आणि नाताळाच्या आठवड्यांत फादरांबरोबर आपल्यांतील दोघांचौघांनीं फडांवर जाऊन यावें. तिसरी ही कीं, ज्याला माळावर थोडीही जमीन आहे त्यानें बांधबंदिस्तीसाठीं उन्हाळ्यांत आठवड्यांतून एक दिवस श्रमदान करावें, आणि त्यांत आपला-परका, ख्रिस्ती-हिंदु-मुसलमान-बौद्ध असा भेद ठेवूं नये. कारण बांधावर अडलेलें पाणी कोणाच्या विहिरींत झिरपतें हें पाण्यालाही ठाऊक नसतें.

एवढें केल्यानें परभणी जिल्हा श्रीमंत होणार नाहीं. पण पुढच्या नाताळांत एक बांक जरी अधिक भरलें, एक मुलगी जरी मोळीऐवजीं दप्तर उचलून शाळेंत गेली, तरी आपण रणशिंग फुंकलें असें म्हणतां येईल. ‘नहीं तो परभणी’ या शब्दांतला जुना विश्वास परत आणण्याची सुरुवात या लहानशा धर्मग्रामांतून व्हावी, आणि जो परमेश्वर स्वतः निर्वासित होऊन मिसर देशीं राहिला व पुन्हां नाझरेथास घरीं परतला, त्यानें आमच्या वाटेवरच्या सर्व लेंकरांना सुखरूप घरीं आणावें, अशी त्याच्या चरणीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.